भिंतीवरचे लढवय्ये

मी चेकर होतो. सौदी अरेबियातल्या जुबैलमध्ये एका कंत्राटदार कंपनीच्या डिझाइन ऑफिसात बसून दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पाइप इथून निघाला तर तिथे पोचतो का, व्हॉल्व्हचं चाक माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवर आहे का, की ते फिरवायला कंपनीला जिराफ नेमावा लागणार, असल्या गोष्टी मी बघायचो. बरोबर असेल तिथे पिवळी रेघ, चूक असेल तिथे लाल. माझी सही झाल्याशिवाय कागद ऑफिसाबाहेर पडत नसे. या कामाने माणूस संशयी होतो असं लोक म्हणतात. माझं उलट होतं. मी मुळातच संशयी, म्हणून त्या कामात टिकलो.

बायको म्हणायची, "अहो, निदान सत्यनारायणाच्या प्रसादाला तरी लाल पेन लावू नका." पण रव्यात साखर कमी असेल तर ती कमीच असते, त्याला मी काय करणार?

ही खोड लहानपणापासूनची. आमच्या नाशिककडच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर काही वीरगळ उभे होते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि टोकाला चंद्र-सूर्य. बाकीची पोरं त्यांच्यावर चढून उड्या मारायची. मी समोर उभा राहून शंका काढायचो. वीर एवढा मोठा आणि शत्रू त्याच्या गुडघ्याइतके, मग हा मेला कसा? आणि हे शत्रू कुठले? दगडावर गाई कोरलेल्या होत्या, म्हणजे भांडण गुरांवरून झालेलं. गुरं पळवायला कोणी काबूलहून येत नाही. शेजारच्या गावचेच असणार, म्हणजे माझ्या मामाच्या गावचे. मग मामाच्या गावातही दगड असतील, आणि त्यांच्यावर आमच्या गावचे लोक गुडघ्याएवढे असतील. हे मी गुरवाला विचारलं तर त्याने मला हाकलून दिलं. तेव्हापासून लढाईचं चित्र दिसलं की ते कोणी काढवून घेतलं, हेच मला आधी विचारावंसं वाटतं.

तर जुबैलची गोष्ट. दिवस सौदायझेशनचे, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमण्याचे, होते. शब्द काही नवा नव्हता. मधूनमधून उठायचा आणि धुळीसारखा खाली बसायचा. त्या वर्षी मात्र तो बसला नाही. आधी रिसेप्शनवरची माणसं बदलली, मग पर्सोनेलमधली, मग वारा आमच्या मजल्यावर आला. त्यांचा देश, त्यांच्या मुलांना नोकऱ्या हव्यात, यात गैर काहीच नव्हतं. पण आपल्या खुर्चीपर्यंत गोष्ट आली की माणसाचा न्याय पातळ होतो. पद्धत अशी होती की ज्याला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, न वाढवता खुरूजवर, म्हणजे कायमच्या परतीच्या शिक्क्यावर, घरी पाठवायचं त्याच्या शेजारी एक सौदी तरुण शिकायला बसवत. शेजारी रिकामी खुर्ची आणून ठेवली की बॅगा कुठे आहेत ते बघून घ्यायचं, असं आम्ही हसत हसत म्हणायचो आणि आतून टरकायचो. कोण कोणाला काय सांगतो, कोण कोणाबरोबर चहा पितो, सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष.

आमच्याकडे एक लेबनानी ड्राफ्ट्समन होता. पन्नाशी ओलांडलेला, धिप्पाड, मिशा पांढऱ्या, हात मात्र शिंप्यासारखा हलका. बाकी सगळे केव्हाच कॉम्प्युटरवर गेले होते. याच्याकडे अजून तिरपा ड्रॉइंग बोर्ड होता, कारण जुन्या प्लांटची ट्रेसिंग्ज हातानेच दुरुस्त करावी लागत. त्याच्या कागदावर मला लाल पेन क्वचित उचलावं लागे, आणि याचा मला थोडा रागच यायचा. तो कोणत्या गटाचा, कोणत्या पंथाचा हे त्याने मला पुढे सांगितलं. ते इथे लिहिणार नाही, लिहिलं तर वाचणारा लगेच बाजू घेऊन बसेल.

संशय दोन गोष्टींमुळे आला. एक म्हणजे तो आठवड्यातून एक-दोनदा मुदीरच्या, म्हणजे आमच्या सौदी मॅनेजरच्या, केबिनमध्ये जायचा आणि दार लावून घ्यायचा. दुसरं म्हणजे सलातची वेळ झाली की बोर्डावर खाकी कागद टाकून चारी कोपरे टेपने चिकटवून बाहेर जायचा. नमाजाला जातो की सिगारेट ओढायला, तेही कळायला मार्ग नव्हता.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी रत्नागिरीकडचा एक स्टोअरकीपर बसायचा. उभं आयुष्य आखातात काढलेला, जुबैलमधलं पानही त्याला विचारून हलायचं.

"तुला सांगतो, तो लेबनानी काय साधा नाय," तो म्हणाला. "मुदीरशी अरबीत गुलूगुलू करतो. आपल्याला काय कळतंय? कोणाचा इकामा वाढवायचा न कोणाला खुरूज मारून घरी धाडायचा, ते त्याला विचारून ठरवतात. न त्या बोर्डावर झाकलेला काय हाय, तू कधी बघितलास?"

"नाही."

"मग चेकर कसला तू?"

त्याचंही मला सगळं पटत नव्हतं, कारण एवढ्या बातम्या याला कुठून मिळतात हा प्रश्न होताच. पण त्याचं शेवटचं वाक्य लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सलातला मजला रिकामा झाला तेव्हा मी उठलो आणि त्याच्या बोर्डावरची टेप काढली. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला वाटलं होतं, आत ऑफिसचा तक्ता असेल, चौकोनात नावं आणि माझ्या नावावर फुली. आत माणसं होती. पेन्सिलीने काढलेली, बंदुका घेतलेली माणसं. डोंगरातली एक खिंड, देवदाराची झाडं, दगडांचा बांध आणि त्याआड रांगेने लढवय्ये. कोणी गुडघ्यावर, कोणी उभा नेम धरून, कोणी जखमी माणसाला खांद्यावर घेतलेला. चेहरे खऱ्या माणसांचे वाटत होते, प्रत्येकाचं नाक वेगळं. आणि या सगळ्यावरून बारीक चौकटी आखलेल्या, चौकटींना आकडे, कोपऱ्यात त्याच्या त्या छापील अक्षरात स्केल लिहिलेलं.

तेल-वायूच्या गावात, कुंपणाच्या आतल्या ऑफिसात, डोंगरात दबा धरून बसलेल्या बंदूकवाल्यांचं चित्र, आणि तेही स्केलसकट! सिक्युरिटीच्या माणसाने पाहिलं असतं तर आख्ख्या मजल्याची झडती झाली असती. मी घाईने कागद झाकला, टेप लावली आणि जागेवर येऊन उगाच एका व्हॉल्व्हला लाल गोल मारला.

तो परत आला. बोर्डाकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे आला.

"टेप तू लावलीस."

"कशावरून?"

"मी वाकडीतिकडी लावतो. ही काटकोनात लावलीय. या मजल्यावर असा दुसरा माणूस नाही, हबीबी."

तो रागावलेला दिसला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. "शुक्रवारी समुद्रावर ये," एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे समुद्रकिनाऱ्यावर गेलो. बायको आणि मुलं वाळूत बसली, मुलं नेहमीप्रमाणे आपसात इंग्रजीत भांडत होती, आणि लेबनानी आणि मी चहाचे कागदी कप घेऊन कठड्याला टेकलो. त्याने सांगितलं ते असं. त्याच्या गावात लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. देशातल्या देशात, गावागावांत झालेली लढाई. आता गावाने एक कमिटी केली होती. शाळेच्या लांबलचक भिंतीवर खिंडीतल्या लढाईत पडलेल्या सगळ्यांचं चित्र काढायचं होतं. गावात चित्रकार नव्हता. पाइपची का असेना, पण रेघ मारता येणारा हा एकच. चौकटी आणि स्केल होतं ते चित्र भिंतीवर मोठं करण्यासाठी.

"आणि मुदीरकडे?"

"माझ्या खुरूजसाठी. ईद झाली की मी चाललो. पुढच्या आठवड्यात माझ्या शेजारी खुर्ची येईल."

मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. खुर्ची आली आणि तिच्यावर एक सौदी तरुण येऊन बसला तेव्हा ठेवला. तरुण कॉम्प्युटरवर चांगला चलाख होता आणि आपण कोणाच्या जागी आलोय हे कळत असल्यासारखा सतत अदबीने उठून उभा राहायचा. बसमधल्या मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग आता मुदीरला सांगतंय तरी कोण?" आणि बाकीच्या सीटांकडे बघायला लागला.

लेबनानी मला म्हणाला, "माझं एक काम कर. ते चित्र तपास. ड्रॉइंग तपासतोस तसंच. आमच्या गावात प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या बाजूचा आहे. तू कोणाचाच नाहीस."

त्याचं कुटुंब लेबनानमध्येच होतं, इथे तो एका खोलीत एकटा राहायचा. पुढच्या शुक्रवारी सकाळी मी दोन्ही पेनं घेऊन गेलो. चित्राची एक झेरॉक्स काढून टेबलावर पसरली होती. मी म्हटलं, आधी मूळ कागद दाखव. कशाशी ताडून बघायचं ते हातात असल्याशिवाय चेकर पेनचं टोपण काढत नाही. त्याने कमिटीने पाठवलेले जुने फोटो समोर टाकले.

फोटोत पोरं होती. एकाच्या अंगात फुटबॉलचा शर्ट, दोघं नुसत्या स्लिपरवर, एकाच्या तोंडात सिगारेट, मध्ये कोणाचं तरी कुत्रं. चित्रात सगळ्यांना सारखे गणवेश आणि घोट्याच्या वर येणारे बूट.

"बूट चूक," मी म्हटलं आणि लाल मारलं.

"कमिटीने बूट सांगितले. स्लिपरवर हुतात्मा कसा दाखवायचा म्हणाले."

"सावल्या काहींच्या डावीकडे पडल्यात, काहींच्या उजवीकडे."

तो हसला. "काही फोटो सकाळचे आहेत, काही संध्याकाळचे."

"कुत्रं कुठे गेलं?"

"कमिटीला नको होतं."

मी पुढे सरकत होतो. खिंड बरोबर, बांध बरोबर, चेहरे फोटोबरहुकूम. आणि मग माझ्या ध्यानात आलं की इतके लोक लढतायत पण कोणाशी, हेच चित्रात नाही. वीरगळावर निदान गुडघ्याएवढे तरी शत्रू असायचे.

"शत्रू राहिला," मी म्हटलं.

त्याने कॉफी ओतली. "शत्रू भिंतीबाहेर आहे. भिंतीसमोर रस्ता आहे, रस्त्यापलीकडे त्यांचं गाव. तिथली माणसं आता आमच्या दुकानात येतात, आमची मुलं त्यांच्या डॉक्टरकडे जातात. चित्रात शत्रू काढला तर त्याला चेहरा द्यावा लागेल, आणि कुठलाही चेहरा दिला तरी तो कोणासारखा तरी दिसेल. म्हणून कमिटी म्हणाली, आपलेच काढ, बाहेर नेम धरलेले."

"म्हणजे रस्त्यावरून बाजाराला जाणाऱ्या बाईवर नेम धरून उभे."

त्याने कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "त्यांच्याही गावात भिंत आहे. त्यांचे आमच्याकडे नेम धरून आहेत."

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. लहानपणी गुरवाने न दिलेलं उत्तर इतक्या लांब, इतक्या उशिरा कोणीतरी देत होतं. मग मी चित्राच्या उजव्या टोकाला आलो आणि थांबलो. तिथे एक माणूस अर्धवट होता. चेहरा पूर्ण, अगदी जपून काढलेला, पंचविशीचा, जरा हसरा. खांद्याखाली मात्र नुसत्या फिक्या रेघा. हात नव्हतेच.

"हा कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

त्याचा भाऊ लढवय्या नव्हता. गावातल्या भट्टीत कामाला होता आणि पांढऱ्या गाडीतून आसपास खुबूस पोचवायचा. खुबूस म्हणजे तिकडची मोठी भाकरी. लढाईच्या दिवसांतही तो रोज सकाळी खिंडीतून जायचा, कारण भाकरी कोणाला चुकली आहे? एका सकाळी खिंडीच्या वळणावर त्याला गोळी लागली. कमिटीचं म्हणणं, तोही खिंडीतच पडला, तेव्हा तोही भिंतीवर हवा. गणवेशात, बूट घालून, हातात बंदूक घेऊन.

मी पेन खाली ठेवलं. "वळणावर तेव्हा कोण होतं?"

"आमचेच."

"आणि गोळी?"

"लख्ख सकाळ होती," तो म्हणाला. "गाडी पांढरी होती. ती गाडी आख्ख्या गावाला माहीत होती."

"त्या वळणावरचे लोक आता कुठे आहेत?"

"काही भिंतीवर आहेत. दोघं कमिटीत आहेत."

माझा संशय असा कधीच जागच्या जागी बसला नव्हता. भाकरीवाला भाकरी घेऊन मेला तर माणसं विचारणार, याला मारलं कोणी आणि का? त्याच्या हातात बंदूक दिली की प्रश्नच मिटला. बंदूकवाला मरतो तो शत्रूच्याच गोळीने. कमिटीला त्याचा मान राखायचा नव्हता, त्याचं तोंड बंद करायचं होतं, आणि तेही सख्ख्या भावाच्या हातून. मला इतका संताप आला की मी त्याच्या टेबलावर हात आपटला. ड्रॉइंगमध्ये ज्या भागाची खात्रीची माहिती नसते त्याभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढून आत होल्ड असं लिहितात. मी त्या नसलेल्या हातांभोवती लाल ढग काढला आणि आत मोठ्या अक्षरात होल्ड लिहिलं.

"बंदूक नाही काढलीस तर काय होईल?" मी विचारलं.

"ते चित्र घेणार नाहीत. कमिटीचा अध्यक्ष नगरपालिकेत आहे. तिथे नकाशे काढायची जागा देतो म्हणालाय. मी इथून चाललोच आहे. या वयात मला दुसरं कोण घेणार?" त्याने ढगाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तरी नाही काढत. त्याच्या हातात भाकऱ्यांची फळी देतो. खलास."

घरी आलो तो फुशारकीतच. बायको चपात्या लाटत होती, तिला सगळं सांगितलं. कमिटीला तिनेही चार शब्द ऐकवले. मग लाटणं थांबवून म्हणाली, "त्याच्या आईला विचारलंय का?"

"तिला काय विचारायचं? तिलाही खरं तेच हवं असणार."

"तुम्ही दोघं पुरुष ठरवून मोकळे. मेला तो मुलगा तिचा."

हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. आई गावातच राहत होती, ऐंशीच्या घरातली, आणि चित्राबद्दल तिच्याशी बोलायचं तो टाळत होता. त्याच संध्याकाळी आम्ही बाजारातल्या टेलिफोन केबिनवर गेलो. तो काचेच्या आत, मी बाहेर. तो बोलला थोडं आणि ऐकलं खूप. बाहेर आला तेव्हा रुमाल शोधत होता.

"ती म्हणते, बंदूक दे."

मला पहिला संशय आला तो नेहमीचाच. "शेजारी कमिटीचं कोणी बसलं होतं का?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, घरात मी आहे आणि मांजर आहे." तो केबिनच्या पायरीवरच बसला. मग त्याने आईचे शब्द सांगितले. ते मी आजवर विसरलो नाही. "ती म्हणाली, भिंतीवर प्रत्येकाच्या हातात काही ना काही आहे. माझा एकटाच रिकाम्या हातांनी उभा करणार का? इतकी वर्षं तो मला रोज रिकाम्या हातांनीच दिसतो. गाडीतून उतरतो, दोन्ही हात वर करतो. एकदा तरी त्याच्या हातात काहीतरी दे."

"आणि भाकऱ्यांची फळी?"

"तेही सांगितलं. ती म्हणाली, भाकरीने काय झालं? भाकरी होतीच की त्याच्या गाडीत."

त्याने हात वर केल्याचं तिला कोणी पाहणाऱ्याने सांगितलं होतं, की रोज मनात बघून बघून तिचं तिलाच तसं दिसू लागलं होतं, मला माहीत नाही. पहिल्यांदाच मला कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. कमिटीवर चिडणं सोपं होतं. या म्हातारीवर कसं चिडायचं? खोटं तर दोघांनाही तेच हवं होतं. कमिटीला मारणारे लपवायला, आणि हिला आपला मुलगा एकदा तरी न घाबरता उभा राहिलेला बघायला. परत येताना मी टॅक्सीवाल्याशी रस्त्यावरून उगाचच भांडलो.

दोन दिवसांनी दुपारच्या सलातला तो माझ्या टेबलाशी आला. हातात टी-स्क्वेअर, ड्रॉइंगची ती टी आकाराची लांब लाकडी पट्टी. "उभा राहा," म्हणाला. "ही बंदूक समज. मला हात बघायचेत. आरशात स्वतःचे बघून जमत नाही."

कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन उन्हात तासन्‌तास उभं राहिलेलं अंग विसरत नाही. मी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि टी-स्क्वेअर असा धरला की आमच्या सुभेदार मेजरसाहेबांनी पाठ थोपटली असती.

"नाही, नाही," तो म्हणाला. "तुला येतं. त्याला येत नव्हतं."

मी पकड सैल केली. मग ती गळाठल्यासारखी दिसली. एक हात खाली घेतला तर खांद्यावर फावडं घेतलेल्या शेतकऱ्यासारखं दिसू लागलं. तेवढ्यात सौदी तरुण लवकर परत आला, दारातच थबकला आणि आम्हा दोघांकडे त्याने असं पाहिलं, की आता संशय घ्यायची पाळी त्याची. "सेफ्टी ट्रेनिंग," मी म्हटलं. तो अदबीने मान हलवून पाणी प्यायला गेला.

लेबनानी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "असं समज की ही लाकडाची फळी आहे. वर गरम भाकऱ्यांची चळत आहे. पहाटेचं दव आहे, पायाखाली दगड निसरडे आहेत आणि एकही भाकरी खाली पडता कामा नये. धर."

मी दोन्ही तळवे वर करून टी-स्क्वेअर खालून पेलला, छातीपासून जरा लांब, जपून. माझी नजर आपोआप पायांकडे गेली.

"यल्ला, हलू नकोस," तो म्हणाला आणि बसून काढू लागला. मी त्याला काढताना कितीदा पाहिलं होतं, पण इतका वेळ लावताना कधी नाही. मध्येच तो थांबायचा, मिशा पुसायचा. मजल्यावर माणसं परत येऊ लागली तरी मी तसाच उभा होतो, आणि ती माझ्याकडे बघतायत याचं मला काही वाटेना.

ईदनंतर तो गेला. त्याला सोडायला कंपनीची गाडी होती, मी विमानतळापर्यंत गेलो नाही. खूप महिन्यांनी घरी त्याचा फोन आला. आवाज तोच, मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. भिंत पूर्ण झाली होती. नगरपालिकेतल्या जागेचं विचारल्यावर म्हणाला, अजून बघू म्हणतात. सगळ्या गावाने चित्र पाहिलं, फुलं वाहिली, भाषणं झाली. मग अध्यक्ष चित्रातल्या भावापाशी येऊन थांबला. तो स्वतः लढलेला माणूस. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे चुकलंय. बंदूक अशी कोणी धरत नाही. बोट कुठे आहे, नेम कुठे आहे? रंग ओला आहे तोवर दुरुस्त कर."

"मग?" मी विचारलं.

"आई बाजूलाच होती. तिला तिथवर खुर्चीत बसवून आणलं होतं. ती उठली, काठी टेकत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, कोणी हात लावायचा नाही. त्यानं अशीच धरली असती."